रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमा’ आला म्हणजे टीबीच का? स्तनाच्या एका दुर्मीळ, साध्या आजाराविषयी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय 34, धाकटं मूल तीन वर्षांचं, अंगावर पाजणं बंद करून दीड वर्ष झालं. चार महिन्यांपूर्वी डाव्या स्तनात अचानक कडक, दुखरी गाठ आली. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, फरक पडला नाही. मग गळू समजून चीर दिली. ती जखम अजून वाहतेय आणि शेजारी आणखी एक तोंड पडलंय. मॅमोग्राफी-सोनोग्राफीवर ‘बायरॅड्स 4’ (स्तनाच्या तपासणीत कर्करोगाचा संशय किती ते सांगणारा गट) असं आलं आणि घरात सगळे कर्करोगाच्या धास्तीने खचले. बायोप्सीचा रिपोर्ट मात्र ‘ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असा आहे. (मॅस्टायटिस म्हणजे स्तनाची सूज.) आता एक डॉक्टर म्हणतात टीबीची औषधं सुरू करा, दुसरे म्हणतात गाठ काढून टाकू, विषय संपेल. तुम्ही विचारताय, कुणाचं ऐकू?

ताई, मी वीसेक वर्षं स्तनाच्याच रुग्णांवर उपचार करते आहे आणि तुम्ही लिहिलेली हकीकत मी जवळजवळ याच क्रमाने अनेकींच्या तोंडून ऐकली आहे. त्यामुळे आधी जिवाचा घोर कमी करू. सोनोग्राफीत जी गाठ दिसली तिच्यातूनच तुकडा घेतला असेल आणि तुकडा पुरेसा असेल, तर कर्करोगाची शंका बहुतांशी मिटली असं समजा. आणि दुसरं: टीबीची औषधं किंवा ऑपरेशन, यांपैकी काहीही या आठवड्यात करायची गरज नाही. तुमच्या रिपोर्टमधला शब्द अजून पुरता वाचलाच गेलेला नाही.

‘ग्रॅन्युलोमा’ हे रोगाचं नाव नव्हे. शरीराला एखादी गोष्ट पचवता आली नाही, बाहेर टाकता आली नाही, की ते तिच्याभोवती पेशींचा वेढा घालतं. त्या वेढ्याचं नाव ग्रॅन्युलोमा. आत टीबीचे जंतू असू शकतात, बुरशी असू शकते, शरीराबाहेरचा एखादा पदार्थ असू शकतो, किंवा दुधाच्या ग्रंथीतून झिरपलेला स्वतःच्याच शरीरातला स्राव असू शकतो. वेढा सगळीकडे साधारण सारखाच दिसतो. म्हणून पॅथॉलॉजिस्टने ‘ग्रॅन्युलोमॅटस’ लिहिलं, तर त्याचा अर्थ शरीर कशाशी तरी झगडतंय एवढाच. कशाशी, हे त्या एका शब्दात नसतं, ते शोधावं लागतं. तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी हा शोध अर्धवट सोडून उपचाराला हात घातलाय, असं मला तुमच्या मजकुरावरून वाटतं.

शोधूनही कारण हाती लागलं नाही, तर त्या आजाराला ‘इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस’ म्हणतात. इडिओपॅथिक म्हणजे कारण न सापडलेला. केसलर आणि वोलोक या दोघांनी 1972 मध्ये त्याचं स्वतंत्र वर्णन पहिल्यांदा केलं, आणि तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की हा आजार हुबेहूब कर्करोगासारखा वाटतो. आजार दुर्मीळ आहे. अनेक सर्जनना तो आयुष्यात मोजकाच भेटतो, त्यामुळे तो चटकन ओळखता आला नाही म्हणून तुमच्या डॉक्टरांवर राग धरू नका. तो बहुतेक करून तिशीच्या आसपासच्या, मूल झालेल्या बायकांना होतो आणि शेवटच्या बाळंतपणानंतर पाचेक वर्षांच्या आत डोकं वर काढतो. तुमचं वय, मुलाचं वय, पाजणं बंद झाल्याचा काळ, हे सगळं त्यात चपखल बसतं.

तो असा का वागतो याची सर्वात पटणारी मांडणी अशी आहे. दुधाच्या ग्रंथींमध्ये साचून राहिलेला, स्निग्धांशाने भरलेला स्राव नळीच्या भिंतीतून बाहेरच्या मऊ भागात झिरपतो. शरीर त्याला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतं. सूज येते, सुजेमुळे आणखी नळ्या फुटतात, आणखी स्राव झिरपतो, आणि चक्र चालू राहतं. म्हणूनच गाठ एका जागी थांबत नाही. आज बाहेरच्या बाजूला, महिन्याने खाली, मग कुठेतरी कातडी लाल होते, मऊ पडते, फुटते, पू येतो, थोडं बरं वाटतं आणि परत शेजारी नवीन तोंड. बायका मला म्हणतात, ‘डॉक्टर, हे आतल्या आत सरकतंय.’ त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर असतं.

आता कर्करोगासारखं का दिसतं ते. कडक, वेड्यावाकड्या कडांची गाठ, कधी आत ओढलेलं स्तनाग्र, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, काखेत हाताला लागणाऱ्या गाठी, ही सगळी कर्करोगाची लक्षणं इथेही सापडतात. सोनोग्राफीत काळसर, अनियमित आकाराची गाठ आणि तिच्यातून बोटांसारखे फाटे निघालेले दिसतात. त्या फाट्यांवरून अनुभवी रेडिओलॉजिस्टला शंका येते, पण खात्री कुणालाच देता येत नाही. एमआरआय करूनही हा आजार आणि कर्करोग यांत छातीठोकपणे फरक करता येत नाही, त्यामुळे निव्वळ निदानासाठी तो करा असं मी सहसा सांगत नाही.

‘बायरॅड्स 4’ या शब्दाने तुमच्या घरात जे झालं त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण रिपोर्ट हातात देताना तो समजावून सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बायरॅड्सचा चौथा गट म्हणजे ‘संशय आहे, तुकडा तपासल्याशिवाय सोडू नका’ एवढंच. या गटात कर्करोग निघण्याची शक्यता 2 टक्क्यांपासून 95 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, इतका तो गट रुंद आहे. तो रिपोर्ट बायोप्सी करायला सांगतो, ती तुम्ही केलीत. त्या आकड्याचं काम तिथे संपलं.

बायोप्सीवर थोडं जास्त लिहिते, कारण या आजाराचं सगळं निदान तिथेच घडतं किंवा तिथेच बिघडतं. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून केलेली तपासणी इथे अपुरी पडते. पेशी सुट्या येतात, त्या ग्रंथीभोवती कशा बसल्या होत्या ते कळत नाही. कोअर बायोप्सी हवी. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई गाठीच्या कडेला नेतात. बंदुकीचा चाप ओढल्यासारखा ‘खट्’ आवाज होतो आणि सुईच्या खाचेत शेवयाच्या तुकड्याएवढा, दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा मांसल धागा येतो. नुसत्या पुवाच्या मधोमध सुई मारली तर हाती फक्त मेलेल्या पेशी लागतात, म्हणून मी नेहमी कडेच्या घट्ट भागातून चार-पाच धागे घेते.

हे धागे कुठे टाकायचे, हा पुढचा प्रश्न, आणि नेमकी इथेच सगळ्यात जास्त चूक होते. सवयीने सगळे धागे फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातात. फॉर्मॅलिन पेशींचा आकार टिकवतं, पण जंतूंना मारून टाकतं. एकदा तुकडा त्यात पडला की त्यातून कल्चरवर जंतू वाढवता येणं संपलं. म्हणून माझ्या टेबलावर दोन बाटल्या असतात. फॉर्मॅलिनची एक, साध्या निर्जंतुक सलाइनची दुसरी. सलाइनमधला तुकडा आणि जमलं तर सिरिंजभर पू थेट मायक्रोबायोलॉजीला जातो. साध्या जंतूंचं कल्चर, टीबीचं कल्चर, टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी जीन एक्सपर्ट तपासणी आणि बुरशीचं कल्चर, चारही गोष्टी मागायच्या. ताई, तुम्ही पाठवलेल्या मजकुरात फक्त पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आहे. दुसरी बाटली गेली होती का, हे सर्वात आधी विचारून घ्या. माझा अंदाज, गेलेली नसावी.

पहिल्या बाटलीतल्या तुकड्याची स्लाइड तयार झाली की मी पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी जाऊन बसते. गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेल्या त्या काचेवर दुधाच्या ग्रंथींचे छोटे छोटे पुंजके दिसतात, द्राक्षांच्या घोसासारखे. इडिओपॅथिक प्रकारात ग्रॅन्युलोमा नेमके या पुंजक्यांना धरून बसतात. फुगलेल्या फिकट पेशी, मधूनच एखादी अवाढव्य पेशी जिच्यात अनेक केंद्रकं घोड्याच्या नालासारखी मांडलेली, आणि भोवती पुवाच्या पेशींचे ठिपके. टीबीत ग्रॅन्युलोमाच्या मध्यभागी पेशी मरून सगळं दाणेदार, आकार हरवलेलं गुलाबी होतं आणि वेढा ग्रंथींना धरून बसलेला असतोच असं नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, पण काळ्या दगडावरची रेघ नाही. टीबीतही कधी मधला भाग मेलेला नसतो. म्हणून नुसत्या स्लाइडवर ‘टीबी आहे’ किंवा ‘टीबी नाही’ असं म्हणणारा पॅथॉलॉजिस्ट धाडसी म्हणायचा.

याच काचेवर आणखी एक गोष्ट बघायची असते आणि ती सांगून शोधावी लागते. काही रुग्णांत ग्रॅन्युलोमाच्या आत छोटी, गोल, रिकामी भोकं दिसतात आणि त्यांच्या कडेने पुवाच्या पेशींची कड असते. तिथे स्निग्ध पदार्थ होता, स्लाइड बनवताना तो विरघळून गेला, म्हणून भोक रिकामं. जंतू उठून दिसावेत म्हणून वापरतात तो ग्रॅम रंग चढवून मोठ्या भिंगाखाली त्या पोकळीत नीट पाहिलं तर कधीकधी तीन-चार जांभळ्या काड्या दिसतात. हे कोरिनेबॅक्टेरियम जातीचे जंतू, त्यातही क्रॉपेनस्टेटाय हा विशेष. 1998 मध्ये त्याची पहिल्यांदा ओळख पटली ती एका रुग्णाच्या थुंकीतून, आणि 2002 मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी स्तनाच्या या आजाराशी त्याचा संबंध पुढे आणला. त्याला चरबी लागते, चरबीशिवाय तो नीट वाढत नाही. साध्या कल्चरच्या ताटलीवर तो दोन दिवसांत दिसत नाही आणि प्रयोगशाळा ‘वाढ नाही’ म्हणून ताटली फेकून देते. दिसलाच तर त्याचे भाऊबंद आपल्या कातडीवर कायम राहणारे असल्यामुळे ‘कातडीवरचा आला असेल’ म्हणून दुर्लक्ष होतं. म्हणून मी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिते: कोरिनेबॅक्टेरियमचा संशय, ताटली किमान आठवडाभर ठेवावी.

तुमचे तीन अँटिबायोटिक कोर्स का वाया गेले, याचं उत्तरही बहुधा यातच आहे. गळवासाठी नेहमी दिली जाणारी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं चरबीत नीट शिरत नाहीत आणि हा जंतू चरबीच्या थेंबात दडलेला. डॉक्सिसायक्लिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखी, चरबीत पसरणारी औषधं इथे जास्त उपयोगाची, तीही पाच दिवस नाही, काही आठवडे. अर्थात हा जंतू प्रत्येकीत सापडत नाही, आणि सापडला तरी तोच मूळ कारण आहे की सुजलेल्या जागी नंतर येऊन राहिलाय, यावर जाणकारांचं एकमत नाही.

आता टीबीकडे येते, कारण तुमच्यासमोरचा खरा पेच तो आहे. स्तनाचा टीबी असतो, त्यात शंका नाही. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज सर्जनने 1829 मध्येच त्याचं वर्णन केलेलं आहे. पण जिथे फुप्फुसाचा टीबी भरपूर आहे तिथेही स्तनाचा टीबी कमीच. मग त्याचं नाव इतक्या पटकन का घेतलं जातं? कारण शिकताना आमच्या मनावर ‘ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी’ हे समीकरण कोरलं जातं. आणि टीबी चुकून सुटला तर काय, ही भीती असते. भीती रास्त आहे. पण तिचं उत्तर तपासणी हे आहे. अंदाजाने सहा महिने औषधं देणं हे नव्हे.

तपासण्यांच्या मर्यादाही समजून घ्या. स्तनाच्या टीबीत जंतू फार थोडे असतात, त्यामुळे रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुधा दिसत नाहीत. तो रिपोर्ट नकारात्मक आला म्हणून टीबी नाही, असं म्हणता येत नाही. जीन एक्सपर्ट जास्त संवेदनशील आहे, काही तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेल का तेही सांगते. कल्चर सर्वात खात्रीचं, पण त्याला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. कातडीत टोचून करायची मांटू टेस्ट किंवा रक्तावरची टीबीची तपासणी सकारात्मक आली तर एवढंच कळतं की शरीराची कधीतरी टीबीच्या जंतूशी गाठ पडली आहे. स्तनात आत्ता टीबी आहे का, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून सगळं एकत्र मांडून बघायचं: स्लाइडमधला मेलेला मध्यभाग, जीन एक्सपर्ट, कल्चर, छातीचा एक्स-रे, वजन उतरलंय का, संध्याकाळचा ताप, घरात कुणाला टीबी होता का, काखेतल्या गाठी एकमेकींना चिकटल्यात का. पुरावा टीबीकडे झुकला तर औषधं पूर्ण मुदत घ्यायची, एक दिवसही न चुकवता. न झुकला तर नाही.

‘औषधं देऊन बघू, गुण आला म्हणजे टीबी होता’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा युक्तिवाद या आजारात टिकतच नाही. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस बऱ्याच जणींमध्ये सहा महिने ते वर्षभरात आपोआप निवळत जातो. टीबीचा कोर्सही सहा महिन्यांचा. म्हणजे आजार स्वतःहून ओसरला तरी श्रेय गोळ्यांना जाणार. त्यात भर म्हणजे टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन हे कोरिनेबॅक्टेरियमवरही चालतं. तेव्हा गुण आला तरी त्यावरून टीबी होता हे सिद्ध होत नाही. दरम्यान यकृतावर होणारा परिणाम, दृष्टीवर ठेवावी लागणारी नजर, गर्भनिरोधक गोळ्यांचा कमी होणारा प्रभाव आणि ‘हिला टीबी आहे’ म्हणून बदललेली घरच्यांची नजर, हे सगळं त्या बाईने कारण नसताना सोसायचं. माझ्याकडे आलेल्या एकीने सहा महिने मुलीला जवळ झोपू दिलं नव्हतं. तिला टीबी नव्हता. आणि स्तनाचा टीबी असता तरी, फुप्फुसात आजार नसताना मुलीला दूर ठेवायची गरज नव्हती. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा सल्ला ऑपरेशनचा. इथे माझीच एक चूक सांगते. उमेदीच्या काळात अशाच एका रुग्णाची मी गाठ कापून काढली. वाटलं, स्वच्छ कडा घेतल्या, काम झालं. दहाव्या दिवशी टाक्यांतून पाणी यायला लागलं, तिसऱ्या आठवड्यात जखम उघडली, आणि पुढचे सात महिने ती एक दिवसाआड ड्रेसिंगला येत राहिली. कापलेल्या जागेच्या दोन बोटं वर नवीन गाठ आली ती वेगळीच. स्तनाचा आकार गेला तो गेलाच. मी सूज कापत होते, आणि सुजेला कड नसते. ती जखम भरेपर्यंत दर वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघताना मला जे वाटायचं, त्यामुळे आज मी या आजारात सुरी शेवटी हातात घेते. पू साचला तर जाड सुईने ओढून घेते, लागलं तर पुन्हा ओढते. मोठी चीर टाळते. सगळं करून थकल्यावर, एका कोपऱ्यात उरलेल्या जुनाट, शांत झालेल्या भागासाठी ऑपरेशनचा विचार होऊ शकतो. भडकलेल्या अवस्थेत नाही.

मग करायचं काय? त्रास थोडा असेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचार आहे, आणि मी तो मनापासून देते. वेदनाशामक गोळ्या, आधार देणारी मऊ ब्रा, वाहणाऱ्या जागेवर साधं स्वच्छ ड्रेसिंग आणि महिन्याला एकदा मोजमाप. गाठीच्या कडेने पेनाने रेघ मारून मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगते. महिन्याभराने तो फोटो बघितला की फरक डोळ्यांना दिसतो.

त्रास जास्त असेल, तर स्टेरॉइड. टीबी आणि इतर जंतू नाकारल्यावरच, कारण खरोखर टीबी असताना नुसती स्टेरॉइड दिली तर तो भडकतो. सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब आणि हिपॅटायटिस बीची तपासणी. तोंडाने प्रेडनिसोलोन वजनाच्या हिशेबाने देतात, साधारण दर किलोला अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि मग काही आठवड्यांत हळूहळू उतरवत नेतात. एकदम बंद करायची नाही आणि स्वतःच्या मनाने तर मुळीच सुरू करायची नाही. गुण लवकर येतो, पण डोस उतरवताना गाठ परत डोकं वर काढू शकते. शिवाय वजन, साखर, झोप, चेहऱ्यावरची सूज ही किंमत असतेच. म्हणून गाठ लहान असेल तर मी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन थेट गाठीत देते, वरून स्टेरॉइडचं मलम. शरीरभर औषध फिरवायची गरज बरीच कमी होते. वारंवार उलटणाऱ्या आजारात मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून पाकिटावर लिहून ठेवायचा. त्या काळात गर्भ राहता कामा नये.

काही गोष्टी कुणी विचारल्या नसतील तर मी विचारते. डोकं शांत ठेवण्याची, उलटीची किंवा पित्ताची एखादी गोळी बराच काळ चालू आहे का? रिस्पेरिडोन, डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड यांसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन हे दूध तयार करायला लावणारं हार्मोन वाढतं, दुधाच्या ग्रंथी जाग्या राहतात आणि हा आजार धुमसत राहू शकतो. म्हणून रक्तातलं प्रोलॅक्टिन बघून घ्या. औषधामुळे वाढलेलं असेल तर ज्यांनी ते लिहिलं त्यांच्याशी बोलूनच बदल करा. स्तनातून पाणी किंवा दूध येतं का? तंबाखू, सिगारेट? धूम्रपानाशी जोडलेला स्तनाग्राजवळचा गळूचा आजार वेगळा आहे, त्याचा उपचारही वेगळा. दम लागणं, डोळे लाल होणं, नाकातून रक्त येणं असं काही असेल तर सार्कॉइडसारखे इतर अवयवांना धरणारे आजार तपासावे लागतात. आणि नडग्यांवर लालसर, दुखऱ्या गाठी किंवा घोटे-गुडघे सुजणं? हे लक्षण कधीकधी या आजारासोबत येतं आणि ते स्तनाशी जोडलेलं आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या एका रुग्णाने दोन महिने सांध्यांच्या डॉक्टरांकडे उपचार घेतले. स्तनातली गाठ दाखवायला लाज वाटली म्हणून ती बोलली नव्हती आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगायचं तर, आधी मूळ स्लाइड आणि तुमच्या तुकड्याचे मेणात जपून ठेवलेले ठोकळे प्रयोगशाळेकडून मागून घ्या. ते तुमच्या हक्काचे आहेत. स्तनाच्या आजारांत मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून ते पुन्हा वाचून घ्या आणि टीबी, बुरशी आणि ग्रॅम या तिन्ही रंगांची तपासणी त्यावर मागा. कल्चर गेलेलं नसेल तर वाहणाऱ्या तोंडातून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना पुरेसा मानू नका. सोनोग्राफीखाली सुईने आतला पू आणि एक-दोन नवीन धागे सलाइनमध्ये घ्यायला सांगा. सध्या कुठलंही अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना विचारून, शक्य असल्यास, काही दिवस थांबवून मग नमुना द्या, नाहीतर कल्चर कोरडंच येईल. हे होईपर्यंत दोन्ही डॉक्टरांना ‘कल्चर आल्यावर ठरवू’ एवढंच सांगा. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

मात्र काही गोष्टींत थांबू नका. अंगात थंडी वाजून ताप भरला, लाली तासातासाला पसरायला लागली, तर त्याच दिवशी दाखवा. कातडीची जाडी आणि लाली दोन-तीन आठवड्यांत स्तनाचा मोठा भाग व्यापू लागली आणि पू कुठेच नसेल, तर आधीचा रिपोर्ट काहीही असो, कातडीच्या तुकड्यासह बायोप्सी पुन्हा करून घ्या. सुजेच्या रूपात येणारा एक आक्रमक कर्करोग असाच सुरू होतो. उपचार चालू असतानाही गाठ वाढतच राहिली, तरी पुन्हा तुकडा. हाताला लागणारं, पडद्यावर दिसणारं आणि स्लाइडमध्ये सापडलेलं, या तिघांचा मेळ बसला पाहिजे. मेळ बसत नसेल तर मी माझाच जुना रिपोर्ट मानत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे पुढे कर्करोगात बदलेल का, आणि आणखी एका बाळाचा विचार करता येईल का. या आजाराचं कर्करोगात रूपांतर होतं असा पुरावा नाही. बरं झाल्यावर एकदा सोनोग्राफी करून मूळ जागा निवळल्याची खात्री करून घ्यायची, आणि पुढे वयाप्रमाणे जी तपासणी प्रत्येकीने करायची तीच तुम्हीही करायची. आजार परत येऊ शकतो, कधी त्याच बाजूला, कधी दुसऱ्या. तेव्हा नवीन गाठ आली तर महिनोन्महिने घरगुती शेक घेत बसू नका. बाळाचा विचार नक्की करता येईल. आजार शांत होऊ द्या. मेथोट्रेक्सेट घेतलं असेल तर ते बंद करून किती महिने थांबायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गरोदरपणात किंवा पाजताना थोडं दुखणं परत आलं तर ते सांभाळता येतं, आणि चांगल्या बाजूने बाळाला पाजायला काहीच हरकत नाही.